मदत हवी आहे: थाई चवीचा खिमा-पाव, तुळशीऐवजी काय घालू?

नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी गच्चीवर पंधरा-वीस जण जमणार आहेत. बीफऐवजी मटणाचा खिमा घेऊन थाई पद्धतीचं सँडविच करायचं ठरवलंय. लसूण आणि हिरवी मिरची खलबत्त्यात जाडसर कुटायची, खिमा मोठ्या आचेवर परतायचा, सोया सॉस, चिमूटभर साखर, शेवटी लिंबू. गवती चहाचा खालचा पांढरा भाग अगदी बारीक चिरून घातला की काय सुंदर वास सुटतो!

अडचण पाल्याची आहे. थायलंडमध्ये यात तुळशीच्याच जातीचा पाला घालतात. आमच्याकडे मटणात तुळस चालणार नाही आणि सासूबाईंचं मन मला मोडायचं नाही. सब्जाची पानं घातली तर चव जमेल का? सोलापुरात ताजी कुठे मिळतील? फिश सॉसऐवजी भाजलेल्या सुकटीची पूड कुणी वापरली आहे का?

आणि पाव ओला होऊ नये म्हणून काय करता? आतून लोण्यावर भाजून वर शेंगदाण्याचा जाडसर कूट पसरायचा विचार आहे. आपली शेंगाचटणी मला प्रिय, पण इथे तिच्या तिखटात गवती चहा हरवेल असं वाटतं. मटणाची चरबी गार झाली की थिजते, तेव्हा खिमा गरम कसा ठेवायचा तेही सांगा.