मदत हवी आहे: गिम्प ३.० या फोटो-एडिटरमध्ये एकच कर्व्ह (रंग-उजेडाचा बदल) सगळ्या फोटोंना कसा लावायचा?

लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो आहेत. दिव्यांच्या उजेडात गुलालापासून ढोलांपर्यंत सगळंच पिवळट आलंय. गिम्प ३.० मध्ये कर्व्ह्ज मूळ चित्रात मिसळून जात नाही, लेयरच्या नावाशेजारच्या ‘एफएक्स’ खुणेवर टिचकी मारून कधीही बदलता येतो. फारच कामाची सोय! एका फोटोवर हवा तसा रंग जमलाय, तोच बाकीच्यांना लावायचाय. त्या कर्व्हचा प्रीसेट (तयार सेटिंग) सेव्ह केला, तो चालतो. पण प्रत्येक फोटो उघडावा लागतो. गिम्प २.१० साठीची जुनी पायथॉन स्क्रिप्ट उपयोगाची नाही, ३.० ला पायथॉन ३ लागतं. लिनक्स मिंट, ८ जीबी रॅम. दरमहा पैसे भरायचं सॉफ्टवेअर नको. कर्व्ह नंतरही बदलता येईल अशा एक्ससीएफ (गिम्पच्या स्वतःच्या) फाइली एका दमात करून देणारी स्क्रिप्ट किंवा प्लगइन ३.० वर कुणी वापरतंय का?