टी-४ च्या प्लेटवर शून्य मानकाचाच रंग सर्वांत गडद का येतो?

कोरी_प्लेट (प्रश्न):
या सत्रात आम्ही थायरॉइडच्या दोन एलायझा केल्या, म्हणजे प्रतिपिंड (विशिष्ट रेणूलाच चिकटणारे प्रथिन) आणि रंग देणारे एन्झाइम वापरून पदार्थ मोजण्याच्या चाचण्या. थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकासाठी सँडविच पद्धत होती, ज्यात मोजायचा रेणू भिंतीवरचे प्रतिपिंड आणि एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड यांच्या मध्ये पकडला जातो. थायरॉइडच्याच थायरॉक्सिन या संप्रेरकासाठी, म्हणजे टी-४ साठी, स्पर्धात्मक पद्धत होती. टीएसएचच्या प्लेटवर शून्य मानकाचा (ज्यात मोजायचा पदार्थ मुळीच नसतो त्या द्रवाचा) वेल, म्हणजे प्लेटवरचा खळगा, जवळजवळ रंगहीन राहिला आणि मानकाची संहती वाढत गेली तसा रंग गडद होत गेला, हे समजले. टी-४ च्या प्लेटवर मात्र नेमके उलट घडले. मानके उलट्या क्रमाने टाकली गेली असावीत असे समजून आम्ही ती प्लेट पुन्हा लावली, तरी दुसऱ्या वेळीही तेच दिसले.

त्याहून मोठे कोडे एचसीजी या गर्भारपणातील संप्रेरकाच्या तिसऱ्या, सँडविच पद्धतीच्या प्लेटवर पडले. या किटमध्ये नमुना आणि एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड एकाच वेळी वेलमध्ये टाकायचे असते. मुद्दाम तीव्र संहतीचा म्हणून दिलेल्या एका नमुन्याचे ४५० नॅनोमीटरवरील शोषण (रंगाच्या गडदपणाचे माप) ०.९ आले, आणि तोच नमुना १० पट विरल केल्यावर ते २.४ झाले. विरल केल्यावर संकेत वाढतो कसा? शिवाय या सर्व पद्धतींना 'विषमांगी' म्हणतात ते वेलची भिंत घन आणि नमुना द्रव असल्यामुळेच ना?

बफरवाला:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. एचआरपीसारखे एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड प्रतिजनाला, म्हणजे मोजायच्या रेणूला, बांधले गेले काय किंवा द्रावणात मोकळे राहिले काय, टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचा रंग ते सारखाच बदलते. त्यामुळे बांधलेला आणि मोकळा भाग वेगळा केल्याशिवाय वाचनाला काहीच अर्थ उरत नाही. हे विलगीकरण ज्या पद्धतीत करावेच लागते ती विषमांगी. बंधन होताच चिन्हकाचा (एन्झाइमसारख्या मोजता येणाऱ्या खुणेचा) संकेत आपोआप बदलतो आणि म्हणून काहीही धुवावे लागत नाही, ती समांगी. अर्थात विलगीकरणासाठी घन पृष्ठभाग हवाच, म्हणून तुमचे म्हणणेही चूक नाही.

जुनी_केंद्रापसारी:
वरच्या उत्तरातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इन्सुलिनसाठी किरणोत्सारी चिन्हक वापरणारा रेडिओइम्युनोअ‍ॅसे विकसित केला, तेव्हा प्रतिपिंड कोणत्याही भिंतीला चिकटवलेले नव्हते. बंधनाची अभिक्रिया पूर्णपणे द्रावणात होत असे. पुढे अनेक रेडिओइम्युनोअ‍ॅसेंमध्ये डेक्स्ट्रानचा लेप दिलेल्या कोळशावर मोकळा प्रतिजन शोषून घेऊन, किंवा दुसरे प्रतिपिंड वापरून संयुग अवक्षेपित करून, नळ्या केंद्रापसारी यंत्रात फिरवत असत. प्रतिपिंड घन पृष्ठभागावर बसवलेले नसूनही त्या पद्धती विषमांगीच होत्या. १९७१ मध्ये एलायझा आल्यावर भिंतीवरचे प्रतिपिंड रूढ झाले, कारण वेल रिकामा करून धुणे हे नळ्या फिरवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. हल्लीच्या स्वयंचलित यंत्रांत भिंतीची जागा चुंबकीय कणांनी घेतली आहे.

बफरवाला:
मान्य. 'पृष्ठभाग हवाच' हे माझे विधान मागे घेतो.

तिसरा_वॉश:
आता टी-४ कडे वळू. या रेणूचे वस्तुमान सुमारे ७७७ डाल्टन आहे आणि एका प्रतिपिंडाचे सुमारे १,५०,००० डाल्टन. एवढ्याशा रेणूला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडे एकाच वेळी पकडू शकत नाहीत, त्यामुळे सँडविच होतच नाही. म्हणून प्रतिपिंडाच्या जागा मुद्दाम मोजक्या ठेवतात आणि नमुन्यातील टी-४ व एन्झाइम जोडलेला टी-४ यांना त्यांच्यासाठी झगडायला लावतात. शून्य मानकात झगडायला समोर कोणीच नसते, म्हणून सर्व जागा एन्झाइमवाल्या रेणूंना मिळतात आणि रंग सर्वांत गडद येतो. तुमची पहिली प्लेट बरोबरच होती.

मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे. कोणतीही पद्धत समोर आली की शेवटच्या धुण्यानंतर वेलमध्ये नेमके काय उरले आहे त्याचे चित्र कागदावर काढायचे. धुणे अपुरे राहिले असे समजा. दोन्ही प्लेटवर मोकळे एन्झाइम मागे राहून रंग वाढतो, पण सँडविचमध्ये त्याचा अर्थ संहती खोटी जास्त असा होतो आणि स्पर्धात्मक पद्धतीत खोटी कमी असा.

बायोटिन या बी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे होणारा घोळ असाच समजून घेता येतो. बायोटिन जोडलेले प्रतिपिंड ज्या किटमध्ये स्ट्रेप्टॅव्हिडिन या बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर पकडले जाते, तिथे रक्तातील जास्तीचे बायोटिन त्या जागा अडवते, संयुग धुऊन निघून जाते आणि संकेत घटतो. परिणामी टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. थायरॉइड अगदी निरोगी असूनही अहवाल अतिक्रियाशील थायरॉइडचा वाटावा, असा हा योग आहे.

जुनी_केंद्रापसारी:
एचसीजीच्या नमुन्यात दिसला तो हुक परिणाम. एकाच टप्प्याच्या सँडविचमध्ये प्रतिजन बेसुमार असला की भिंतीवरच्या प्रतिपिंडांना एक रेणू मिळतो आणि द्रावणातील एन्झाइमवाल्या प्रतिपिंडांना दुसराच. दोघांच्याही जागा भरतात, पण मधला दुवा एकच असलेले सँडविच फार थोडे तयार होते, आणि धुताना बहुतेक एन्झाइम वाहून जाते. विरल केल्यावर रेणूंची गर्दी कमी होते आणि तेच रेणू दोन्ही प्रतिपिंडांना जोडू लागतात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या मोठ्या गाठींमध्ये किंवा द्राक्षगर्भात (एचसीजी फार वाढणाऱ्या असामान्य गर्भधारणेत) हे प्रत्यक्ष घडते, आणि अहवालातील मध्यम आकडा पाहून डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते.

नमुना आणि एन्झाइमवाले प्रतिपिंड यांच्या मध्ये एक धुणे ठेवले तर हा धोका बहुतांशी टळतो. तेव्हा संहती वाढवत नेल्यास संकेताचा वक्र खाली न वळता वर सपाट होतो. मात्र सपाट भागावरूनही खरी संहती कळत नाही, त्यामुळे विरलन तिथेही करावेच लागते. तुमचा नमुना १०० आणि १००० पट विरल करून पाहा.

कोरी_प्लेट:
आज करून पाहिले. १०० पटीला शोषण १.६ आले आणि १००० पटीला ०.३१. मानक वक्रावरून काढलेल्या संहतींना त्या त्या पटीने गुणल्यावर दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली. १० पटीचे उत्तर त्यांच्यापेक्षा बरेच कमी निघाले, म्हणजे तिथेही गर्दी उरलीच होती. आम्ही विरलनासाठी साधे ऊर्ध्वपातित पाणी वापरले, ते चालते का?

तिसरा_वॉश:
या वेळी निभावले, पण पाणी टाळा. मानके बहुधा प्रथिनयुक्त द्रवात बनवलेली असतात. पाण्यात प्रथिने आणि क्षार नसल्याने प्रतिपिंडाचे बंधन बदलू शकते आणि अत्यल्प प्रतिजन नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ शकतो. किटसोबतचा विरलक वापरा. तो नसेल आणि किटची माहितीपुस्तिका परवानगी देत असेल तर शून्य मानक वापरा. १००० पट विरलन एकाच झटक्यात न करता १० पटीच्या ३ टप्प्यांत करा आणि प्रत्येक टप्प्याला पिपेटचे टोक बदला.