ट्रॅकवर न्यायच्या सिटीसाठी व्हील नट आणि स्टड कोणते घ्यावेत?

घाटवळण
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची होंडा सिटी, पेट्रोल, मॅन्युअल. तीन आठवड्यांनी कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवेवर चालवायला जातोय. गाडी पुण्याहून चालवतच नेणार, त्याच चाकांवर परत येणार. त्यासाठी सेकंडहँड हलकी अलॉय घेतली. दुकानात जुनेच नट लावून दिले. कात्रज घाटात स्टिअरिंग थरथरायला लागलं. घरी येऊन नट काढले, तर अलॉयच्या भोकात नट टेकतो तिथे केसाएवढी चकचकीत रेघ, बाकी रंग जसाच्या तसा. म्हणजे नट तेवढ्या रेघेवरच बसला होता. बघून पोटात गोळा आला. सध्या जुनी चाकं लावलीत. १६ नट हवेत, जमलं तर लांब स्टडही (नट ज्यावर चढतो ते चाकाचे बोल्ट). बजेट ३००० रुपये, वर एक रुपया नाही.

रेसवेडा_नाशिक
एआरपी या अमेरिकन कंपनीचे लांब स्टड आणि बाहेरून मागवलेले फोर्ज्ड स्टीलचे उघड्या तोंडाचे नट. डोळे मिटून घे. माझे कस्टम्स धरून २२ हजार गेले, पण चार वर्षांत एकही नट सैल नाही. चाकाच्या बाबतीत पैसे बघायचे नसतात.

घाटवळण
दादा, ३०००.

पाना_बारा
आधी मूळ दुखणं समजून घ्या. होंडाच्या कारखान्याच्या नटाची सीट, म्हणजे चाकाला टेकणारी बाजू, गोल असते, चेंडूच्या पाठीसारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा टेपर, म्हणजे निमुळती सरळ उताराची सीट लागते. गोल नट टेपरमध्ये घातला की एका रेघेवर टेकतो. तुमची ती केसाएवढी रेघ हीच. मग टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कितीही द्या, रेघ दबत जाते आणि नट सैल पडतो.

तुमचा आटा १२ बाय १.५, म्हणजे स्टड १२ मिलिमीटर जाड आणि एका फेऱ्याला नट १.५ मिलिमीटर पुढे. मारुतीचा १२ बाय १.२५. मी एकदा घाईत स्विफ्टचे नट उचलून आणले. हाताने दोन फेरे गेले, पुढे अडला, मी पाना लावून रेटला. स्टडचे आटे गेलेच, नट कापून काढावा लागला. नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. नाही फिरला तर तिथेच थांबा.

मिरजकर८८
+१. टेपर नट घ्या.

जांभळीगाडी
माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे जांभळे नट आहेत, २ वर्षं झाली, पिसासारखे हलके. सोसायटीत लोक थांबून फोटो काढतात. ऑनलाइन ऐंशी टक्के सवलतीत मिळाले.

पाना_बारा
रस्त्यावर ठीक. ट्रॅकवर दर वेळी काढ-घाल होते, ब्रेकची उष्णता हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) थेट स्टडमध्ये येते. अ‍ॅल्युमिनियमचा आटा झिजतो, नाहीतर स्टडला चिकटतो. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, ब्रेकना थंड व्हायला लांब सरळ रस्ता मिळतच नाही. स्टीलचेच घ्या.

जीपवाले_काका
आमच्या वेळी विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. ज्याला माहीत नाही तो पान्यावर उभा राहायचा आणि सोडवतोय म्हणून आणखी आवळायचा. असे मोडलेले स्टड मी स्वतः बदललेत, एकाच पावसाळ्यात पाच. आताची पोरं पंक्चरवाल्याच्या नट आवळायच्या बंदुकीवर विसंबतात. ती बंदूक किती आवळते हे त्यालाही ठाऊक नसतं.

शिरोली_लेथ
घाटवळण, कोल्हापूरला या. ईएन २४ या मजबूत पोलादाच्या बारमधून हवे तेवढे लांब स्टड लेथवर काढून देतो. कारखान्याच्या मालापेक्षा जाड-दणकट.

टर्नर_चिंचवड
शिरोलीकर, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण चाकाचा स्टड लेथवर काढू नये. कारखान्यात आटे दाबून पाडतात, पोलादाची घडण तुटत नाही. लेथवर आटा कापला जातो, आणि भेग पडते ती त्याच कापलेल्या खाचेतून. वर झिंक प्लेटिंग केलंत आणि लगेच भट्टीत तापवून काढलं नाहीत, तर प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन आत राहतो आणि कडक पोलाद काही दिवसांनी अचानक तुटतं.

शिरोली_लेथ
ट्रॉलीला दिलेले वीस वर्षं चालतायत.

टर्नर_चिंचवड
ट्रॉली वळणात शंभरने जात नाही.

रेसवेडा_नाशिक
नट किती महत्त्वाचा ते १९८७ ची फॉर्म्युला वनची हंगेरी ग्रां प्री बघा. मॅन्सेल पुढे होता, थोड्या फेऱ्या उरल्या आणि नट गेला. पिके जिंकला. म्हणून म्हणतो, स्वस्तातलं नको.

मिरजकर८८
ते एकच मधला नट असलेलं चाक. इथे चार आहेत. आणि २०२१ ला मोनॅकोत बोटासचा नट बंदुकीने घासून गोल झाला, चाक निघेचना, शर्यत सोडावी लागली. तो नट काय स्वस्तातला होता?

अंधेरी_व्हीटेक
लांब स्टडचं कोणी बोललंच नाही. मागचे ड्रम काढून त्यातल्या त्यात सोपे. पुढे मात्र लांब स्टड मागून आत जायला जागा नाही, हब प्रेसवर काढावा लागतो, आणि हब निघाला की बेअरिंग गेलंच समजा. माझी दोन बेअरिंग गेली, शिवाय एक स्टड नटानेच ओढून बसवला तो तिरका बसला. चाक बाहेर सरकवणारी चकती, म्हणजे स्पेसर, नसेल तर लांब स्टड कशाला? नट पूर्ण ८ फेरे फिरत असेल, म्हणजे १२ मिलिमीटर आटा धरत असेल, तर मूळ स्टड पुरतो.

आणि हब आणि अलॉयच्या मधल्या भोकातली फट भरणारी रिंग तपासा. सिटीचा हब ५६.१ मिलिमीटर, अलॉयचं मधलं भोक बहुतेक ७३.१. रिंग प्लास्टिकची असेल तर ट्रॅकवर वितळते.

जांभळीगाडी
माझी प्लास्टिकचीच आहे, काही झालेलं नाही.

मिरजकर८८
टेपर नट घ्या, स्टीलचे. आधीही सांगितलं.

पाना_बारा
टॉर्क १०८ न्यूटन मीटर, आटे कोरडे. तेल-ग्रीस लावलं तर तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पिटमध्ये आल्या आल्या गरम चाक आवळू नका, थंड होऊ द्या. आवळल्यावर नट आणि चाक दोन्हींवर पांढरी रेघ मारा, सरकलं की लांबूनच दिसतं.

घाटवळण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चारही अलॉय उलटी करून पाहिली. दोन भोकांची कड आधीच चेपली आहे. त्यात नवा टेपर नटही नीट बसणार नाही. त्यामुळे नटही नाही, स्टडही नाही, आणि ती अलॉयही नाहीत. नवे टायर कारखान्याच्या चाकांवर चढवले. माप तेच आहे. जुने गोल सीटचे नट साफ केले, सोळाही बोटांनी शेवटपर्यंत गेले. बजेटमधून टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कला आवळणारा पाना) घेतला, २६०० ला.

रेसवेडा_नाशिक
जड चाकांवर ट्रॅक? निदान सेकंदभर तरी गमावशील.

घाटवळण
चालेल. शनिवारी पहाटे निघतोय. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर साताऱ्याच्या अलीकडे थांबून सोळाही नट रेंचने तपासणार आहे.