घोडीला दोन पेनकिलर एकावर एक गेलीत, आता खात नाही. रिअ‍ॅक्शन आहे का?

वरातवाला_कळवा
नमस्कार मंडळी, कळव्याला आमच्या दोन घोड्या आहेत, लग्नाच्या वरातीला जातात. त्यातली पांढरी काल पुढच्या पायाने लंगडायला लागली, डॉक्टर येऊन फ्लुनिक्सिनचं इंजेक्शन देऊन गेले, उद्या परत बघतो म्हणाले. रात्री आमच्या मोतद्दाराला वाटलं अजून दुखतंय तर त्याने ओळखीच्या रायडिंगवाल्याकडून ब्यूटची (फेनिलब्युटाझोन, हेही घोड्यांचं पेनकिलर) पावडर आणली आणि गुळातून चारली, सकाळी परत चारली. लंगडणं कमी झालं खरं पण आता चंदी नुसती हुंगते, लीद पातळ, सारखी मागे वळून पोटाकडे बघते. शेजारचे म्हणतात अ‍ॅलर्जी आहे अ‍ॅव्हिल मारा. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये, काय करू?

रबाळे_तबेला
पावडर बंद. पाणी पिते का ते सांग आधी.

परळ_इंटर्न
दादा, अ‍ॅलर्जी असती तर अंगावर गांधी उठल्या असत्या, तोंड सुजलं असतं, धाप लागली असती. हे मला तसं वाटत नाही. फ्लुनिक्सिन आणि ब्यूट ही एकाच जातीची औषधं, दोन्ही सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन अडवतात, पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं आणि मोठ्या आतड्याचं अस्तर सांभाळतं आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडू देत नाही. इंजेक्शनचा असर जवळजवळ दिवसभर टिकतो, त्यावर ब्यूट म्हणजे आराम फारसा वाढत नाही, अल्सर, आतड्याला सूज आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. ब्यूटचा डोस किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, पुडी बांधणाऱ्याने मोठा रेसचा घोडा धरला असेल तर वरातीच्या हलक्या घोडीला ती जास्तच होणार. पुडीत किती ग्रॅम होतं ते विचारून ठेवा.
नाडी मोजा, उभ्या घोडीची मिनिटाला २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गेली किंवा हिरड्या लाल-जांभळ्या दिसल्या तर वाट बघू नका, दुसरा डॉक्टर बोलवा. आणि जो येईल त्याला आधी पावडरचं सांगा, मग बाकीचं.

वरातवाला_कळवा
नाडी ४८. पाणी कमीच पिते, काल डीजेपुढे उन्हात उभी होती. घरात माणसांची ओमेप्राझोलची कॅप्सूल आहे ती देऊ का?

परळ_इंटर्न
अंदाजाने नको. घोड्यांसाठी वेगळी पेस्ट असते, आपली कॅप्सूल चावली गेली की औषध जठराच्या आम्लातच खराब होतं. शिवाय त्याने जठर सांभाळलं जाईल, मोठं आतडं नाही. पाणी स्वच्छ ठेवा, समोर थोडं गवत टाका, चंदी आज नको. शरीरात पाणी कमी असताना ही औषधं किडनीवर जास्त उलटतात, म्हणून विचारतोय आम्ही सगळे.

मुंब्रा_टांगा
आम्ही तर सरळ माणसांचं डायक्लो मारतो, दोन तासात चालते घोडी

परळ_इंटर्न
जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे काका, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपली. आणि हिला आता तिसरं पेनकिलर ओतायचं?

नेरळ_घोडेवाला
अ‍ॅलर्जी अ‍ॅलर्जी सगळेच म्हणतात. आमच्याकडे एकाने मानेत प्रोकेन पेनिसिलिन टोचलं आणि सुई शिरेत गेली, घोडा लगेच उधळला, भिंतीवर आदळला, खाली पडून थरथरला, मग आपोआप शांत झाला. सगळे बोलले पेनिसिलिन चालत नाही त्याला. डॉक्टर म्हणाले तो प्रोकेनचा परिणाम, बधिर करायचं औषध थेट रक्तात गेलं की मेंदूपर्यंत जातं. तेव्हापासून सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघितल्याशिवाय कुणालाच टोचू देत नाही मी. असं झालं तर घोड्याला धरायला जायचं नाही, बाजूला व्हायचं, पाचशे किलोखाली माणूस जातो.
बरं, तुझ्या घोडीचा खूर उचलून बघितला का कुणी? पेनकिलरने दुखणं झाकलं जातं, आत खिळा असला तरी घोडी चालते.

वरातवाला_कळवा
डॉक्टर दुपारी आले. नेरळवाल्या भाऊंचं खरं निघालं, तळव्याला बारीक भोक, मंडपातला खिळा असणार, आत पू. खूर कोरून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जेंटामायसिन अँटिबायोटिक काढून ठेवलं होतं पण पावडरचं सांगितल्यावर परत बॅगेत टाकलं, म्हणाले तेही किडनीवर जातं, आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं कळतं) आणि प्रोटीन बघू. सलाईन चालू आहे. कोरताना भुलीचं द्यायच्या आधी विचारलं की सल्फाचं (तेही अँटिबायोटिकच) इंजेक्शन शिरेतून झालंय का?

परळ_इंटर्न
बरोबर विचारलं. डिटोमिडीनसारखं भुलीचं औषध आणि शिरेतून सल्फा-ट्रायमेथोप्रिम एकत्र गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून घोडा दगावू शकतो. लीद अजून पातळ झाली किंवा पोटाखाली सूज उतरली तर लगेच कळवा त्यांना, आतड्यातून प्रोटीन गळतंय असा अर्थ होतो.

वरातवाला_कळवा
ओके. रविवारी ऐरोलीची ऑर्डर आहे, तोवर होईल का बरी?

रबाळे_तबेला
दुसरी घोडी ने. नाहीतर नवऱ्याला ओपन जीपमध्ये बसव.