धोपावे–दाभोळ आणि वेश्वी–बागमांडला: फेरीबोटीतून गाडी नेण्याविषयी सल्ला हवा आहे

घाटमाथा, सातारा
येत्या महाशिवरात्रीला आई-वडिलांना गुहागरच्या व्याडेश्वराचे आणि त्याच दिवशी हरिहरेश्वराचे दर्शन घडवावे, असा विचार आहे. आदल्या दिवशी पाटण आणि कुंभार्ली घाटाने उतरून गुहागरला मुक्काम करू. सकाळी धोपाव्याला गाडी बोटीत घालून वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, दाभोळहून दापोली-केळशीच्या बाजूने वेश्वी गाठायचे आणि सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरायचे, असा बेत आहे. तापोळ्याच्या तराफ्यावर मी गाडी नेलेली आहे, पण खाऱ्या पाण्याचा अनुभव नाही. गाडी सेडान असून तिचे पोट जमिनीला बरेच जवळ आहे, शिवाय वडिलांचे गुडघे दुखतात. बोट टाळून रस्त्यानेच जावे का?

वाशिष्ठीकाठ, कराड
रस्त्याने जाऊ नका. गुहागरहून चिपळूण, खेड करत दापोलीला जायचे म्हणजे शंभरावर किलोमीटरचा वळसा आहे, आणि वडिलांच्या गुडघ्यांना बोटीपेक्षा त्याचाच त्रास अधिक होईल.

मात्र तापोळ्याचा अनुभव इथे फारसा उपयोगी नाही. तिथले कोयना धरणाचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यापर्यंत सावकाश उतरते. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. महाशिवरात्र अमावास्येला लागून येत असल्यामुळे ते दिवस उधाणाचे असतात, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. पूर्ण ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि उतार व बोटीची लोखंडी झडप यांच्यामध्ये असा कोन होतो की सेडानचा बंपर घासण्याची दाट शक्यता असते. तुमचा प्रश्न बोट सुरक्षित आहे की नाही, हा नसून ती किती वाजता गाठायची, हा आहे.

त्यासाठी कोकणात जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा येतात, म्हणून धोपाव्याची बोट दहाच्या सुमारास घ्या.

बोटीवर चढण्यापूर्वी आई-वडिलांना उतरवून हळूहळू चालत आत न्यावे; माणसांनी भरलेली गाडी आणखी खाली बसते. खलाशी जसा हात दाखवील तशीच गाडी घ्या, मग तो रिव्हर्समध्ये चढवायला सांगो. आत गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी.

कृष्णाकाठ, सांगली
वरील सल्ला योग्य आहे, परंतु एक दुरुस्ती सुचवतो. महाशिवरात्र मध्यरात्रीच्या चतुर्दशीवरून ठरते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी पुष्कळदा त्रयोदशीच असते. तेराची पाऊणपट पावणेदहा होते. हिशेब ढोबळच असल्याने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा आणि आदल्या संध्याकाळी धक्क्यावर विचारून घ्यावे.

दुसरे असे की, हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राच्या कडेच्या खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची असते. भरतीच्या वेळी तिथे जाणे जिवावर बेतू शकते. म्हणजे गाडीला भरती हवी आणि देवाला ओहोटी. सुदैवाने त्या दिवशी दोन्ही जुळते. नऊ-साडेनऊला धोपावे सोडल्यास दुपारी एकच्या आत वेश्वीला पोहोचता येईल, तेव्हा पाणी अजून निम्मे तरी असेल, आणि चारच्या सुमारास पाणी ओसरलेले असताना प्रदक्षिणा करता येईल. दापोलीत जेवायला थांबलात तर मात्र हे सगळे गणित कोलमडेल. वडिलांनी खडकांवर न जाता देवळातच बसावे, हे स्पष्टच सांगतो.

घाटमाथा, सातारा
दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. व्याडेश्वराचे दर्शन पहाटे उरकून नऊला धोपावे गाठू, जेवणाचे डबे गुहागरहूनच घेऊ आणि प्रदक्षिणा मी एकटाच करीन. येताना महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरमार्गे परतू. खाऱ्या पाण्यामुळे गाडीसाठी काही विशेष करावे लागते का?

वाशिष्ठीकाठ, कराड
चाके ओल्या उतारावरून जातात, त्यामुळे ब्रेकच्या आसपास आणि पोटाला खारे पाणी उडते. साताऱ्याला पोहोचल्यावर वरून धुतली नाही तरी चालेल, पण खालून गोड्या पाण्याने जोरात धुवून घ्या, आणि ते दुसऱ्याच दिवशी करा.