शब्दचर्चा : 'युवास्नेही'ला पाटीवर काय म्हणावं?

रानजाई : ग्रामीण रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या केंद्रासाठी पाटी करायची आहे. आलेला मसुदा असा : 'युवास्नेही व लिंगभाव-समन्यायी लैंगिक व प्रजनन आरोग्य सेवा' (इंग्रजीतले 'youth-friendly' आणि 'gender-equitable'). आमच्याकडच्या पोरांनी 'समन्यायी' हा शब्द फक्त पाणीवाटपाच्या बातमीत ऐकलाय. पर्याय सुचवा.

काजवा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, वयोगट १० ते १९. आपल्या राज्यात या केंद्रांचं नाव 'मैत्री' आहे, कर्नाटकात 'स्नेहा', पश्चिम बंगालात 'अन्वेषा'. म्हणजे 'युवास्नेही'चं मराठी तयारच आहे. फक्त नुसत्या 'मैत्री'वरून आत काय मिळतं ते कळत नाही. खाली सरळ लिहा : पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, स्वप्नदोष, गर्भनिरोधक साधनं.

तिठा : 'स्वप्नदोष' नको! शब्दातच दोष आहे. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, पण या नावाने तो रुग्ण होतो आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्याकडे पैसे घालवून येतो. 'झोपेत वीर्य जाणं' असंच लिहा. मुलींसाठी 'विटाळ' सोडून 'पाळी'वर यायला आपल्याला किती काळ लागला; मुलांच्या शब्दांकडे तर कोणी पाहिलंच नाही. मसुद्यातल्या त्या 'लिंगभाव'मध्ये हेही यायला हवं.

काजवा : मान्य. काढला.

जुनी वही : गर्भनिरोधनाच्या शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं तेव्हाचा शब्द 'संततिनियमन'. पुढे सरकारी 'कुटुंबनियोजन' आलं. पहिल्यात मुलं गृहीत, दुसऱ्यात अख्खं कुटुंब. लग्न न झालेल्या मुलीने 'कुटुंबनियोजन कक्ष' लिहिलेल्या दारातून कसं जायचं? कायदासुद्धा असाच होता. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणाने गर्भपाताची सोय १९७१ च्या कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' अशा शब्दांत होती. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. तेव्हा पाटीवर 'गर्भनिरोधक साधनं' हेच ठीक. कॉपर-टीला बायका तोंडी 'तांबी' म्हणतात, तो शब्द कंसात द्यायला हरकत नाही.

रानजाई : केसपेपरवर अजून 'पतीचे/वडिलांचे नाव' असा रकाना आहे. पाटी बदलून उपयोग काय?

जुनी वही : तो आधी बदला. 'सोबत आलेली व्यक्ती (असल्यास)' पुरे. आणि खिडकीवरून मोठ्याने 'मिस्टरांचं नाव?' विचारणं बंद करा, मग पाटीवर काहीही असो.

तिठा : 'लिंगभाव-समन्यायी'ऐवजी 'मुला-मुलींसाठी' लिहू का? की तृतीयपंथी मुलं त्यातून सुटतात?

काजवा : सुटतात. 'सर्वांसाठी' लिहा, जागाही कमी लागते.

रानजाई : शेवटची ओळ 'संपूर्ण गुप्तता' ठेवू?

ओलावा : समुपदेशनाचं काम करते म्हणून सांगते, 'संपूर्ण' नको. 'गुप्त' म्हटलं की पुन्हा 'गुप्तरोग' आठवतो ही एक गोष्ट. दुसरी महत्त्वाची : १८ वर्षांखालच्या मुलीच्या लैंगिक संबंधांची माहिती मिळाली, तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संबंध तिच्या मर्जीचे असले तरी. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव-गाव, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना कळवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं. पण खबर द्यावीच लागते. पाटीवर 'संपूर्ण' वाचून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला आत हे कळलं तर ती परत येत नाही, मैत्रिणींनाही येऊ देत नाही. मी 'तुमचं बोलणं घरी किंवा शाळेत सांगत फिरणार नाही' असं म्हणते, आणि कायद्याचं ती काही सांगायच्या आधीच सांगून टाकते.

रानजाई : 'सांगत फिरणार नाही' पाटीवर चालेल?

ओलावा : साहेब खोडतील. पण पाठवून तर बघा.