पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या काचा बदलायच्यात, टफन्ड घेऊ की लॅमिनेटेड? आणि पेंटच्या आधी की नंतर?

सांगलीची_फियाट
मंडळी नमस्कार. बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी इथे सांगलीतच डेंटिंगला लावलीय, इंजिन झालं, पत्र्याचं काम निम्म्याच्या वर झालं आणि आता काचांपाशी गाडी अडलीय. पुढच्या काचेवर वायपरचे अर्धगोल ओरखडे आहेत, रात्री समोरून लाईट आला की सगळं धुरकट दिसतं, शिवाय खालच्या कडेने काचेच्या आत पांढरट पट्टा धरलाय तो कितीही पुसला तरी जात नाही. मागची काच धड आहे पण तिच्यावर कोणीतरी कधीकाळी काळी फिल्म लावलेली ती जांभळी होऊन फुगलीय. रबर दोन्हीकडचं कडक होऊन तडकलंय. मिस्त्री म्हणतो दोन्ही काचा फोडून काढू, टफन्ड टाकू, स्वस्तात होईल. पेंटर म्हणतो काचा काढूच नका मी मास्किंग करून, म्हणजे काचांवर कागद-टेप लावून, रंग मारतो. दोघांचं ऐकलं तर गाडी कधीच पूर्ण होणार नाही असं वाटायला लागलंय 😄 काय करू?

कुर्ला_मेड
आधी मिस्त्रीच्या हातातला हातोडा काढून घ्या. तो पांढरा पट्टा म्हणजे तुमची पुढची काच लॅमिनेटेड आहे, दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि कडेने पाणी शिरत राहिलं की तो थर सुटायला लागतो, म्हणून पुसून जात नाही. म्हणजे आज गाडीला जे चांगलं लागलेलं आहे ते काढून तुम्ही त्याहून हलकं लावायला निघालात. टफन्ड काच समोरून दगड लागून फुटली की सगळी एकदम बारीक तुकड्यांची होऊन पांढरी पडते, हायवेवर ऐंशीच्या स्पीडला समोरचं दिसणंच बंद. लॅमिनेटेडला चीर जाते पण काच जागेवर राहते आणि निदान गाडी कडेला घेता येते. नव्या गाड्यांना पुढे लॅमिनेटेडची सक्ती आहे ती उगाच नाही. मागे टफन्ड चालते, तिथे काही हरकत नाही.

आणि जुनी काच फोडायची नाही याचं दुसरं कारण, ही काच सपाट नाहीये, वाकवलेली आहे. ऑर्डर देऊन बनवायची वेळ आली तर साचा तयार नसेल तेव्हा बनवणारा नमुना म्हणून तुमचीच जुनी काच मागणार. रबर ब्लेडने बाहेरून कापा आणि काच सरळ पुढे ढकलून काढा. रबराचा जीव जाऊ दे, तसंही ते कामाचं राहिलेलं नाही.

पत्रा_आणि_पुट्टी
वरच्यांशी सहमत, पण खरा प्रश्न काचेचा नाहीच. काच निघाल्यावर खालच्या दोन कोपऱ्यांत चौकटीचा पत्रा बोटाने दाबून बघा. जुन्या फियाटमधे रबराच्या खाली पाणी साठतं, ते तिथेच बसून पत्रा खातं आणि वरून पेंट मस्त दिसत असतो. काच ज्याच्यावर बसते तो पत्र्याचा ओठ गंजून पातळ झाला असेल तर नवी काच लावा नाहीतर सोन्याची लावा, पहिल्या पावसात पायाखालचं मॅटिंग भिजणार. म्हणूनच पेंटरचं मास्किंगवालं ऐकू नका, रबराखालचा गंज तसाच राहील आणि त्याच्यावर तो पाच हात रंग मारेल.

क्रम असा ठेवा: काचा काढा, गंज घासून काढा, जिथे लागेल तिथे नवीन पत्रा वेल्ड करा. आणि मग रंगाच्या आधी नवं रबर चढवून काच एकदा कोरडी बसवून बघा. हे कोणी करत नाही आणि मग रडतात. वेल्डिंग करताना ओठ दोन-तीन मिमी इकडेतिकडे झाला किंवा पुट्टीने जाड झाला की रबर त्याच्यावर नीट बसत नाही, आणि जोर लावला की काच कोपऱ्यातून तडकते, दोष मात्र काचवाल्याच्या माथी. कोरडी बसली की काढून ठेवा, मग प्रायमर, रंग, आणि रंग पुरता कडक होऊ द्या, ओल्या रंगावर रबर दाबलं की त्याचा वळ उठतो. त्यानंतर छताचं लायनिंग, कारण त्याच्या कडा रबराखाली जातात. काचा शेवटी.

जुनी_टॅक्सी
लॅमिनेटेडचं एवढं कौतुक नको राव, आमच्या गाडीला कित्येक वर्षं पुढे टफन्डच होती काही झालं नाही.

कुर्ला_मेड
दादा, काही झालं नाही कारण दगड लागला नाही. 🙂

सांगलीची_फियाट
बापरे, एवढं सगळं माहीतच नव्हतं. आत्ता जाऊन काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघितला, पुसट आहे पण लॅमिनेटेड वाचता येतंय, आणि मागच्या काचेवर टफन्ड. म्हणजे मागची ठेवतो. पुढची पॉलिश करून वापरता येईल का? आणि नाहीच तर मिळणार कुठे?

जुनी_टॅक्सी
हे मी सांगतो. सिरियम ऑक्साईडची पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने घासतात, बारीक ओरखडे जातात. पण नख फिरवून बघा, ओरखड्यात नख अडकलं तर नाद सोडा, तेवढं खोल घासलं की तिथे काच लाटेसारखी होते आणि समोरचा रस्ता वाकडा दिसतो, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर तर नकोच. एकाच जागी मशीन धरून काच तापवू पण नका, तडकते. तुमच्या केसमधे कडेचा थरही सुटलाय आणि तो पॉलिशने येत नाही, तेव्हा पुढची नवीच.

शोधायला मुंबई गाठा. कुर्ला सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसचं स्पेअरचं मार्केट. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तोपर्यंत टॅक्सीसाठी माल फिरत होता त्यामुळे अजून कोणाकोणाकडे पडलेला असतो. फक्त डुक्कर फियाटची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या जुन्या गोलसर फियाटची काच गळ्यात मारून घेऊ नका, ती वेगळीच गाडी. जुनी काच घेतली तर चारही कडा उजेडात धरून बघा, कडेला कपची उडालेली असेल तर रबरात ताण आला की चीर तिथूनच निघते. टिंटेड कोणी देत असेल तर पुढे-मागे ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूला ५० टक्के, हा नियम आहे.

मागच्या फिल्मसाठी साबणाचं पाणी मारा, वरून काळा प्लॅस्टिक कागद चिकटवा आणि गाडी उन्हात उभी करा, मग ब्लेडने निघते. काचेत हीटरच्या रेघा नसतील तर ब्लेड बिनधास्त चालवा.

पत्रा_आणि_पुट्टी
रबराबद्दल. स्वस्तातलं घेऊ नका, हातात घेऊन दुमडून बघा, घडीवर बारीक भेगा दिसल्या तर परत करा. बसवायच्या आधी तासभर उन्हात ठेवा म्हणजे नरम पडतं. आधी रबर काचेवर चढवायचं, चकचकीत बिडिंग (रबरात बसणारी शोभेची पट्टी) असेल तर ती तेव्हाच रबरात घालून घ्या, काच गाडीवर गेल्यावर घालायला गेलात तर बिडिंग वाकते आणि ती सरळ कधीच होत नाही. मग रबराच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत नायलॉनची चार-पाच मिमीची दोरी सगळीकडून फिरवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवर वीतभर चढवून आत सोडायची. साबणाचं पाणी भरपूर. ऑइल, ग्रीस, रॉकेल अजिबात नाही, रबर फुगतं. बाहेरून दोघांनी तळहात पसरून दाबायचं, आत एकाने दोरी हळूहळू ओढायची, दोरीबरोबर रबराची कड पत्र्याच्या ओठावरून आत येत जाते. अडलं की थांबा, दोरीला झटका देऊ नका.

सांगलीची_फियाट
मिस्त्री म्हणतो सगळीकडून सिलिकॉन भरतो म्हणजे गळायचा प्रश्नच नाही.

कुर्ला_मेड
नको. व्हिनेगरसारखा वास येणारं जे साधं सिलिकॉन मिळतं ते उघड्या पत्र्याला गंजवतं, आणि पुढच्या वेळी काच काढताना शिव्या खाणार. न सुकणारं मॅस्टिक (फटी भरायचा चिकट लगदा) मिळतं, ते रबर आणि पत्र्याच्या मधे पातळ भरा, तेही गळती सापडली तरच. गळती शोधायला आत एक माणूस बसवा आणि बाहेरून पाइपने बारीक धार खालून वर नेत जा, वरून सुरू केलंत तर पाणी ओघळून खाली येतं आणि खरी जागा कळतच नाही.